जर्मन गाडी पटावर

गडचिरोलीकडचं प्रवासवर्णन म्हटलं का वाचणारा पहिल्याच ओळीत वाघ शोधते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, वाघ येत नाई. ज्याले वाघ पाहिजे त्यानं ताडोब्यात जावं, दिवसभर जिप्सीत हाडं खिळखिळी करावी अन् सांबराचं बूड पाहून परत यावं, सगळेच येतात. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या कारणानं येते ते बी इथी येत नाई. अरण्यातली गूढ शांतता पाहिजे असंन त ते बी जमणार नाई, काऊन का सगळ्या रस्त्यानं रशीदभाईची कव्वाली चालू होती, अन् कव्वाली थांबली का मी चालू होतो.

मंग आहे काय? एक काळी जर्मन गाडी आहे, तिची किंमत मी सांगत नाई, घरात म्हातारी माणसं बी वाचत असतीन. दोन बैल आहेत. अन् भात आहे. भात भल्ला आहे, म्हणजे लय आहे.

मी संदीप, चामोर्शीचा. शाळा तिथलीच. गणितात काठावर, नकलांत पहिला. हेडमास्तरची नक्कल हेडमास्तरसमोरच केली त त्यायनं मले गॅदरिंगमध्ये घेतलं अन् दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर कोंबडा केला. माझी पहिली नक्कल मात्र आमच्या बाबाची. बाबा एसटीत कंडक्टर होते, जिंदगीभर. "चला, पुढं सरका, मधात लय जागा आहे," हे मी चालता येत नव्हतं तेव्हापासून म्हणतो, असं आई सांगते. बाबाले ते कधी आवडलं नाई. त्यायचं म्हणणं एकच, दुसऱ्याचा आवाज काढून पोट भरत नाई, स्वतःचा काढ.

तो स्वतःचा आवाज काढाले मी नागपूरले गेलो अन् एका मोठ्या शोरूममध्ये सेल्समन म्हणून चिकटलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, एक गाडी विकली नाई. टाय तेवढी बांधता आली. घरी गेलो का बाबा विचारत, "विकली का?" मी म्हणे, "नाई." ते म्हणत, "मंग जेव." एकदा जेवतांना मात्र बोलले, आता विकल्याबिगर ते शोरूमच्या गोष्टी घरात आणू नको.

तेवढ्यात कुरखेड्याकडून फोन आला. डोमाजी पाटील म्हणून धानाच्या गिरणीचे मालक, त्यायले ते सगळ्यात जोरदार काळी गाडी चालवून पाहाची होती, पण आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर. आमचे मॅनेजर साहेब पुण्याचे. मले केबिनमध्ये बोलावलं अन् म्हणाले, "हे बघ संदीप, आपण गाडी विकत नाही, आपण अनुभव विकतो. तू तिकडचाच आहेस ना? ही विकलीस तर तू कायमचा आमचा. नाहीतर मग तुझ्या नकला आहेतच." साहेबाची नक्कल मी येवढी करत होतो का त्यायचं बोलणं ऐकतांना मलेच वाटे मी बोलून राह्यलो.

उमरेडच्या पुढं

सोबतीले रशीदभाई दिले. हे शोरूमचे मेकॅनिक, दाढी मेहंदीची, खिशात कायम एक पिवळं फडकं. गाडीवर माशी बसली त माशी उडवून तिची जागा पुसणारा माणूस. मले पहिलेच सांगतलं, "देख संदीप, ये गाडी तेरी नई, मेरी नई, सायबाची बी नई. ये अमानत आहे. याच्यात खर्रा नई, चिवडा नई अन् चप्पल झटकून बसनेका."

आता गाडीबद्दल सांगतो. आमच्या एसटीत बसलं का पहिले आवाज सुरू होते, मंग थरथर, मंग खिडक्या, अन् सगळ्यात शेवटी गाडी. इथी उलटं. गाडी सुटून जाते, आवाज मागून येते का नाई याचा भरवसा नाई. उमरेड सोडल्यावर सरळ रस्ता लागला, मी पाय जरा दाबला. पहिले एक क्षण काईच झालं नाई, जसं काई गाडी विचार करून राह्यली. मंग पाठ सीटले चिकटली अन् पोट मागच्या सीटवर जाऊन बसलं. समोरचा ट्रक समोर होता, मंग बाजूले होता, मंग आरशात होता. रशीदभाईची कव्वाली अर्ध्यात थांबली. येवढ्या शांत गाडीत मले करमेना, म्हणून मी तोंडानं एसटीचं इंजिन चालू केलं, गिअरच्या खरखरीसकट. रशीदभाईनं खाली वाकून आवाज कुठून येऊन राह्यला ते पाह्यलं. मंग मले पाह्यलं.

भिवापूरच्या बाजूनं मिरच्या वाळत होत्या. जमिनीवर लाल गालिचे हातरले असं वाटे. काच बंद, एसी चालू, तरी जर्मन गाडीत आम्ही दोघं सटासट शिंकत होतो. जर्मन लोकायनं सगळ्याचा बंदोबस्त केला आहे, भिवापुरी मिरचीचा नाई.

नागभीडले चहाले थांबलो. नागपुरात गिऱ्हाईक गाडीले पाहून हळूच विचारते, "अॅव्हरेज किती?" नागभीडले एका भाऊनं मागचं दार उघडाले लावलं, आत डोकं घातलं अन् सगळ्यायले सांगतलं, "जागा चांगली आहे. आठ शेळ्या आरामात." दुसरा म्हणे, "बोकड मोठा असंन त सहाच." त्यायचा वाद मिटेपर्यंत आमचा चहा झाला. रशीदभाईनं चहा अर्धा सोडला अन् फडकं काढलं.

पुढं ब्रह्मपुरी, मंग वैनगंगेचा पूल. खाली नदी थंडीनं आकसून एका कडेले झोपली होती, बाकी सगळी वाळू. वडसा सोडलं अन् आपला मुलूख सुरू झाला. धान कापून झालेलं, बांध्यांत लाखोळीची डाळ फुललेली, निळी निळी, अन् जिथी तिथी तनसीचे, धानाच्या पेंढ्याचे ढीग. मधात सागाचा पट्टा, मंग एखादी बोडी, लहानसं तळं, मंग पुन्हा बांध्या. अन् एक गंमत दिसाले लागली. प्रत्येक फाट्यावर उभे असलेले लोकं आमची गाडी दुरून दिसली का हात वर करत. बाया, म्हातारे, डोक्यावर ओझं असलेले. मी म्हटलं, पाहा गाडीचा रुबाब. पहिले दोन फाटे मी लाजलो. तिसऱ्यापासून काच खाली करून मंत्र्यासारखा हात हालवाले लागलो. रशीदभाई बी त्यायच्या बाजूनं हालवत. म्हणे, "शरीफ लोगां आहेत इधरचे."

कुरखेडा

डोमाजी पाटलाचं घर कुरखेड्याच्या थोडं बाहेर, गिरणीले लागून. पाटील म्हणजे उंच, कोरडे, पांढरा शर्ट, खिशात खर्र्याची, सुपारी-तंबाखूची पन्नी. मी टाय सरळ केली अन् साहेबाचा आवाज लावला, "नमस्कार. या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे..." पाटलानं हात वर करून मले थांबवलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. बोनेटवर हात ठेवला, बैलाच्या खांद्यावर ठेवतात तसा, अन् मागपर्यंत फिरवत नेला. चाकाजवळ बसले. मंग एकच प्रश्न विचारला.

"उठते कशी?"

मले समजलं नाई. मी म्हटलं बटन दाबलं का चालू होते. ते म्हणे, चालू तं रेडिओ बी होते. सोडली का उठते कशी ते सांग. तेव्हा ध्यानात आलं. पाटील पटाचे माणूस. शंकरपटात, म्हणजे बैलायच्या शर्यतीत, जोडीचं सगळं त्या पहिल्या उडीवर असते. झेंडी पडली का जे जोडी उठली ते गेली, जे राह्यली ते राह्यली. पाटलाची तुफान-सरदारची जोडी कुरखेड्यापासून साकोलीपर्यंत कुठीच हरली नव्हती.

मी म्हटलं बसा, दाखवतो. पाटील पुढं बसले, रशीदभाई मागं, हातात फडकं तयार. गावाबाहेर रस्ता मोकळा होता. मी दाबली. गाडीनं तिचा तो एक क्षण विचार केला अन् उठली. पाटलानं धोतर मुठीत धरलं. परत फिरतांना त्यायचं तोंड खर्र्यानं भरलं होतं. त्यायनं बाजूले पाह्यलं, बाहेरची लाखोळी दिसली, निळी, साफ, अन् त्यायनं बिनधास्त पिचकारी मारली.

काच बंद होती. रशीदभाईनं ते दुपारीच येवढी पुसली होती का काच आहे हे कोणाच्या बापाले समजलं नसतं.

गाडीत शांतता पसरली, अरण्यातली म्हणतात ते. मी आरशात रशीदभाईकडं पाहाले भेत होतो. पाटील मात्र काचेकडं पाहून म्हणाले, "काच चांगली आहे." बस. रशीदभाईनं मागून फडकं पुढं केलं, अमानत म्हणत म्हणत.

संध्याकाळी गोठा पाह्यला. गोठा कसला, आमच्या नागपूरच्या खोलीपेक्षा साफ. तुफान पांढरा, सरदार थोडा करडा, दोघायच्या डोळ्यांत साहेबापेक्षा जास्त गुर्मी. पण गोठ्यात आणखी बऱ्याच जोड्या होत्या, एकाहून एक. रशीदभाईनं विचारलं, शेतीले येवढे बैल कायले? तिथी मनिराम मडावी होता, पाटलाचा धुरकरी, म्हणजे पटाच्या छकड्यावर बसून जोडी हाकणारा. तो हसला. म्हणे हे शेतीचे नाई. पटावर जे जोडी तुफान-सरदारच्या मागं फक्त बैलाच्या कानभर राह्यली, ते पाटील त्याच दिवशी घेऊन टाकतात. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या गोठ्यातून येऊन हरवाले नको.

मी म्हटलं, धन्य आहे. ते ऐकलं अन् सोडून दिलं. आता मागं वळून पाह्यलं त समजते का साहेबानं शिकवलेल्या सगळ्या अनुभवापेक्षा मनिरामचं तेवढं वाक्य ध्यानात ठेवाचं होतं.

पाटलानं दोन्ही बैल गाडीजवळ आणले, ओळख करून द्याले. तुफाननं हुंगून फुर्र केलं. सरदारनं बोनेट चाटलं, पूर्ण, काठापासून काठापर्यंत. रशीदभाई खाली बसले. पाटील म्हणे, "बुजत नाई. चांगलं आहे. उद्या गावचा पट आहे. दुपारी मधात जागा काढतो. तुमची गाडी अन् माझी जोडी, एका दानीवर." दान म्हणजे पटाची धावपट्टी. मी विचारलं, अन् मंग गाडी घेणार ना? पाटील म्हणे, "पहिले उठू तं दे."

जेवण बाईनं वाढलं, पाटलाच्या घरच्या मालकीण. नागपुरात पोळ्या संपल्या का भात येते. इथी पहिले भात, मंग भात, अन् पोट भरलं का असं विचारून भात. सोबत लाखोळीचे वडे अन् बोडीतली मासोळी, अशी तिखट का भिवापूर आठवलं. मी बाईले म्हटलं पोट भरलं. बाई म्हणे, "भरलं त हललं असतं बाप्पा, तू तं सरळ बसून आहेस." अन् आणखी वाढला. मी मॅनेजर साहेबाची नक्कल केली, बाईले समजली नाई. मंग बाबाची केली, पुढं सरका, मधात जागा आहे. बाई हसून हसून ठसकल्या. म्हणे अशा आवाजाचा कंडक्टर पहिले आमच्या गाडीवर होता, मी बाळंतपणाले माहेरी जाऊन राह्यली होती तेव्हा त्यानं आपली सीट मले दिली होती. मी म्हटलं, असंन कोणी.

पटाची दान

सकाळपासून माणसं येत होते. सायकली, बैलबंड्या, ट्रॅक्टरची ट्रॉली. चामोर्शीकडं बी पट होतात पण आमच्याकडं पट पाहाले जातात, इथी पटाले आंघोळ करून जातात. भज्यांचे ठेले, पाळणे, अन् भोंग्यावर ओरडून ओरडून गळा बसलेला एक मास्तर. त्याचा गळा पूर्ण गेला तेव्हा कोणीतरी सांगतलं, ते नागपूरवाला नकला करते म्हणे. मले उचलून मचाणावर नेलं. मी मंत्र्याच्या आवाजात जोड्यांची नावं सांगतली, हेडमास्तरच्या आवाजात निकाल, अन् पोट्टे दानीवर घुसाले लागले का बाबाच्या आवाजात, "चला, मागं सरका, पुढं जागा नाई." लोकं सरकले. बाबाच्या आवाजावर लोकं सरकतात, हे तेव्हा पहिल्यांदा पाह्यलं.

मंग आमचा नंबर आला. दान म्हणजे दोन सरळ पट्ट्या, सकाळपासून बैलायच्या खुरानं पिठासारख्या झालेल्या. एका पट्टीवर मनिराम छकड्यावर, हातात तुतारी, म्हणजे टोचाची काठी, नाई, पाटलाले टोचलेलं चालत नाई. दुसऱ्यावर आमची जर्मन बाई. रशीदभाईनं उतरून हात जोडले. मले म्हणे, "संदीप, मैं दुआ करतो. कोनची करू ते सांग, जितनेकी का बचनेकी?" मी म्हटलं जितनेकी. माझी नोकरी त्या झेंडीवर होती. जिंकलो त साहेबाचा कायमचा, हरलो त जगातली जोरदार गाडी घेऊन बैलायकडून हरलेला एकुलता एक सेल्समन. अन् घरी बाबा, जेव म्हणत.

पाटील येऊन माझ्या बाजूले बसले. मी म्हटलं, तुम्ही गाडीत? ते म्हणे, "जोडी कशी धावते ते मले माहीत आहे. हे कशी धावते ते पाहाचं आहे."

झेंडी पडली.

मी पाय पूर्ण दाबला. गाडीनं विचार केला. तेवढ्या विचारात तुफान-सरदार हवेत होते. मंग गाडी उठली, पण चाकाखाली धूळ, चाकं फिरले, अन् जर्मन लोकायनं गाडीच्या आत जो शहाणा बसवला आहे त्यानं ठरवलं का जमीन निसरडी आहे, पोट्टं मूर्ख आहे, ताकद कमी करा. मी दाबून राह्यलो, तो सोडून राह्यला. समोर छकड्यावर मनिराम जवळजवळ आडवा झाला होता. पाटील माझ्या बाजूले बसून माझ्याच विरुद्ध ओरडत होते, "उठ तुफान, उठ माझ्या राजा." अर्धी दान गेली. तिथी जमीन कडक लागली, शहाण्यानं हात काढला, अन् ते पोट मागच्या सीटवर नेणारी ताकद आली. छकडा जवळ आला. चाक बाजूले आलं. सरदारचं शेपूट बाजूले आलं, मंग पोट, मंग शिंग. मी ओरडत होतो, पाटील ओरडत होते, कोण कोणासाठी ते समजत नव्हतं. सरदारनं एकदा खिडकीतून आत पाह्यलं. देवाशपथ, हसून पाह्यलं. अन् रेषा आली.

कानभर. एक कानभर आम्ही मागं.

मी ब्रेक दाबला, गाडी शहाण्यासारखी थांबली. बाहेर सगळी दान उसळली, टोप्या उडाल्या, मनिरामले लोकायनं खांद्यावर घेतलं, कोणीतरी बोनेटवर गुलाल फेकला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. टाय मोकळी केली. मनात साहेबाचा आवाज चालू होता, नक्कल न करता.

पाटील बाजूले बसून मागची दान पाहत होते. मंग म्हणे, "अखेरीले काय आली रे हे."

मी म्हटलं, पण हरली ना पाटील.

"हरली म्हणून तं बोलतो. कानभर राह्यली." त्यायनं डॅशबोर्डवर थाप मारली. "हे आता मी दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ देईन का? वडस्याच्या एखाद्या शेठनं घेतली अन् पुढच्या वर्षी कडक जमिनीवर आणली, मंग? गाडी माझी झाली."

मले मनिरामचं वाक्य आठवलं अन् मी तिथीच, टायसकट, तुफानच्या पाया पडलो. त्यानं फुर्र केलं.

पुढं एक अडचण आली. मी म्हटलं नवीकोरी गाडी नागपूरहून पाठवतो, हे तं दाखवाची आहे. पाटील भडकले. म्हणे, धावली ते हे. दुसरी आणून बांधली त ते हे कशी होईन? जोडी पटावर एक पाहाची अन् घरी दुसरी आणाची, असं कोण करते? त्यायचं म्हणणं, खरं सांगू, मले बी बरोबर वाटलं. एसटीडीवरून साहेबाले फोन केला. गाडी बैलायसोबत पळवली हे ऐकून साहेब पुणेरीतून सुटले, "तू वेडा आहेस का? हरली? आपली गाडी हरली? बैलांकडून?" मी म्हटलं हाव साहेब, अन् बुकिंग झालं. हेच गाडी पाहिजे म्हणतात, चाटलेली. मंग साहेब हळूच म्हणाले, "बघ संदीप. मी म्हटलं होतं ना? अनुभव."

दुसऱ्या दिवशी निघतांना बाईनं गाडीच्या चारी चाकायले हळद लावली, पोळ्याच्या सणाले बैलायच्या खुरायले लावतात तशी. कागदपत्रं झाले का गाडी परत येणार होती. मागच्या सीटवर एक तांदळाचं गाठोडं ठेवलं, तुझ्या आईले दे म्हणून. रशीदभाईनं पुसाले फडकं काढलं, हळदीकडं पाह्यलं, अन् फडकं परत खिशात ठेवलं. म्हणे, "अब अमानत नई. अब उनकी आहे."

चामोर्शी

नागपूरचा सरळ रस्ता सोडून मी गाडी आरमोरीकडं वळवली. रशीदभाईनं विचारलं, ये कहाँ? मी म्हटलं बाबाले दाखवाची आहे, विकलेली.

तो रस्ता मी कधी विसरणार नाई. थंडीतलं ऊन, सागाची मोठी मोठी पानं रस्त्यावर, गाडीले गुलाल, चाकायले हळद, अन् मी राजा. गडचिरोली ओलांडलं. फाट्या-फाट्यावर लोकं हात वर करत होते अन् मी प्रत्येकाले उलटा हात करत होतो, आता त काच पूर्ण खाली. कुनघाड्याच्या फाट्यावर एक म्हातारी होती, बाजूले बकरी, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. म्हातारीनं दोन्ही हात वर केले. मी बी दोन्ही केले. रशीदभाईनं स्टिअरिंग धरलं.

घरासमोर गाडी उभी केली अन् असा हॉर्न दिला का गल्लीतली कोंबडी छपरावर. आई बाहेर आली, तिनं पहिले मले पाह्यलं, मंग तांदळाचं गाठोडं. शेजारी जमले. बाबा सगळ्यात शेवटी आले, हातात पेपर. शेजाऱ्याले जयभीम केला अन् गाडीकडं पाह्यलं.

"विकली का?"

"विकली बाबा. हेच."

बाबानं मान हालवली. पहिल्यांदा जेव म्हटलं नाई. मी सुटलो. पट, शहाणा, कानभर, साहेबाचा फोन, सगळं त्या त्या आवाजात. बाबाच्या मिशीखाली थोडं हसू दिसलं, आईची शपथ, दिसलं. तिथीच थांबाचं होतं. पण मी म्हटलं, अन् बाबा, रस्त्यानं असा मान का काय सांगू, प्रत्येक फाट्यावर लोकं हात वर करून सलाम करून राह्यले होते.

बाबानं पेपर खाली केला. "कुठी?"

मी सांगतलं. आरमोरीजवळ, पोर्ल्याले, आत्ता कुनघाड्याले एक म्हातारी होती बकरी घेऊन, तिनं तं दोन्ही हात केले. मी बी केले.

बाबानं गाडीच्या खिडकीतून आत पाह्यलं. पुढच्या दोन सीट, मागं पूर्ण रिकामी, अन् त्याच्या बी मागं आठ शेळ्यायची जागा. मंग ते सुरू झाले, अन् नक्कल करता येत नाई अशा आवाजात.

"अरे गाढवा, ते सलाम करत होते का? दुपारची एसटी बंद आहे आठवड्यापासून. ते हात दाखवून गाडी थांबवत होते. कंडक्टरच्या घरात वाढला, मोठ्या-मोठ्या आवाजात पुढं सरका म्हणते, अन् फाट्यावरचा हात तुले ओळखता आला नाई? येवढी रिकामी गाडी घेऊन वडस्यापासून आला अन् एकाले बसवलं नाई? उलटा हात हालवला? म्हातारीले?"

मी म्हटलं बाबा, हे तशी गाडी नाई, लय महाग आहे.

"महाग आहे म्हणजे सीट नाईत का तिले?"

गल्लीतलं कोणी हसलं नाई, आई सोडून. बाबानं चप्पल घातली, पुढचं दार उघडलं अन् बसले, चप्पल न झटकता. रशीदभाईले म्हणे, भाऊ, तुम्ही मागं सरा, बकरी आहे. रशीदभाईनं खिशातलं फडकं काढलं अन् मागच्या सीटवर पसरवलं, बकरीसाठी.

मी बसलो. गाडी चालू केली, आवाज आला नाई. बाबानं डॅशबोर्डवर दोन बोटं ठोकली, टक टक, जशी डबल घंटी.

"चल, कुनघाड्याले. अन् रस्त्यात कोणाचा हात दिसला अन् तू थांबला नाई, त उतरवून देतो तुले तिथीच. मी चालवीन. येत नाई त काय झालं, तुले तरी कुठी येते?"